आधी भरा, नंतर परत मिळतील

धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकलला नंबर लागलेला मुजफ्फरनगरकडचा तो दलित मुलगा आठवतोय? वडील रोजंदारीवर. जून २०२४ मध्ये जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते. इकडून तिकडून जमवेपर्यंत पाच वाजले, पोर्टल बंद झालं, जागा गेली. शेवटी ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ मधला, पूर्ण न्याय देण्यासाठीचा विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला.

तेव्हा माझ्या ओळखीतले कितीतरी जण म्हणाले, सतरा हजारही जमत नव्हते? अहो, जमले होते. वेळेत जमले नव्हते. गरिबाच्या घरी पैसा येतो, पण तारखेला येत नाही.

आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. घरचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर कोणालाही माफ. ही सोय मोठी आहे. पण वसतिगृह, मेस, अनामत यांचे पैसे उरतातच.

माझे वडील मार्केट यार्डात हमाल. एका नामांकित संस्थेत माझा नंबर लागला, शिष्यवृत्तीही मंजूर होती, तरी ऑफिसात एकच उत्तर: आधी भरा, नंतर परत मिळतील. वडिलांनी अडत्याकडून उचल घेतली. शिष्यवृत्ती जमा झाली ती दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर. तोवर उचल फेडायची म्हणून त्यांनी गुडघ्याचं दुखणं अंगावर काढलं, एक खाडा केला नाही.

तिसऱ्या वर्षी माझा पेपर परिषदेसाठी निवडला गेला. तिकीट स्वतः काढायचं, बिलं दिली की महिन्या-दोन महिन्यांत पैसे परत. मी सरांना सांगितलं, घरी लग्न आहे. सर म्हणाले, तुला यात रस दिसत नाही. पुढे शिफारसपत्र मागायला गेलो तेव्हाही त्यांच्या डोक्यात तेच होतं. त्यांना दोष देत नाही, खरं कारण मीच लपवलं होतं. पण वर्गातल्या इतर कोणाला ते लपवावं लागलं नव्हतं. तिकीट संस्थेनेच काढून दिलं असतं तर एवढं काही झालं नसतं. अनामतही शिष्यवृत्तीतून थेट वळती करता येते की!

गेल्या जूनमध्ये गावाकडच्या एका मुलीचा फोन आला, "दादा, उद्या पाचपर्यंत भरायचेत." मी भरले. तीन आठवड्यांनी तिचे वडील एसटीने आले आणि पूर्ण रक्कम माझ्या हातात ठेवून गेले.