तेल बाळगा, पण आणायचं कुठून?

अटलांटाजवळ आम्ही राहतो तिथे आमच्या मराठी मंडळींत एक कुटुंब आहे. २०१५ मध्ये त्यांचा मुलगा चार वर्षांचा होता. निदान लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम, म्हणजे औषधांना न जुमानणारा अपस्मार. दिवसातून कितीतरी वेळा उभ्याउभ्या धाडकन पडायचा, म्हणून घरातही डोक्यावर हेल्मेट. गणपतीच्या आरतीतसुद्धा वहिनींचा एक डोळा त्याच्यावर आणि बोट मोबाइलच्या स्टॉपवॉचवर असायचं. आकडी पाच मिनिटांपुढे गेली की औषध द्यायचं आणि ९११ ला फोन करायचा.

१६ एप्रिल २०१५ ला आमच्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर नेथन डील यांनी गांजाच्या रोपापासून काढलेलं औषधी तेल बाळगायला परवानगी देणाऱ्या 'हेलीज होप ॲक्ट'वर सही केली, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो होतो. ज्या मुलीवरून कायद्याला नाव पडलं, तिला या तेलासाठी तिची आई जॉर्जिया सोडून कोलोरॅडोला घेऊन गेली होती. आता कुणाला असं घर सोडावं लागणार नाही, असं आम्हाला वाटलं.

मग कायदा नीट वाचला. आठ आजारांच्या रुग्णांना राज्याचं कार्ड मिळणार. कार्ड असेल तर २० फ्लुइड औंस, म्हणजे साधारण ५९० मिलिलिटर तेल जवळ ठेवता येईल. त्यात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि सीबीडी, म्हणजे नशा न आणणारा घटक, निदान तितका तरी हवा. पण जॉर्जियात ते पिकवायला, बनवायला, विकायला बंदी. कोलोरॅडोहून आणावं, तर राज्याची हद्द ओलांडताच केंद्राचा गुन्हा! हा कायदा ज्यांनी लावून धरला ते मेकनचे आमदार ॲलन पीक स्वतःच कुटुंबांपर्यंत तेल पोहोचवत होते आणि तसं उघड सांगतही होते. कायदा करणाऱ्यालाच असं करावं लागत असेल, तर साध्या आईबापांनी काय करायचं?

त्यात आपली माणसं व्हिसावर. इथल्या शेजाऱ्याला कदाचित दंडावर सुटता येईल, पण अमली पदार्थांचा गुन्हा लागला तर एच-१बी वाल्याला देश सोडावा लागू शकतो. वकिलाने वहिनींना स्पष्ट सांगितलं, या वाटेला जाऊ नका. कार्ड काढलंच नाही त्यांनी.

हे तेल म्हणजे रामबाण आहे असं मी म्हणत नाही. याच आजारावरची २०१८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी २२५ रुग्णांवर झाली. शुद्ध सीबीडीच्या मोठ्या डोसवर पाडणाऱ्या आकड्या साधारण ४२ टक्क्यांनी कमी झाल्या, नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्यांच्या १७ टक्क्यांनी. काहींच्या यकृतावर ताण आला, विशेषतः व्हॅलप्रोएट हे अपस्मारावरचं औषध चालू असताना. क्लोबाझम या तशाच दुसऱ्या औषधासोबत दिलं तर गुंगी वाढते. म्हणूनच तर ते डॉक्टरांच्या नजरेखाली, तपासलेल्या बाटलीतून मिळायला हवं. कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून आलेल्या बाटलीत नेमकं काय आहे, हे आईने कसं ओळखायचं?

जून २०१८ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, एपिडिओलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली आणि या मुलाची वाट मोकळी झाली, तीही विमा कंपनीशी भांडून. आकड्या थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. मात्र ते औषध मंजूर झालं ते या अपस्मारासाठी आणि ड्रावे नावाच्या दुसऱ्या अपस्मारासाठी. कायद्याच्या आठ आजारांच्या यादीतले कॅन्सरचे, सिकल सेलचे रुग्ण होते तिथेच राहिले. राज्यात उत्पादनाला परवानगी देणारा कायदा २०१९ ला झाला. परवाने, तक्रारी, कोर्टकचेऱ्या यात आणखी चार वर्षं गेली. २८ एप्रिल २०२३ ला मेकन आणि मॅरिएटा इथे पहिली दुकानं उघडली. सहीपासून आठ वर्षं! एवढ्या काळात चार वर्षांचं मूल बारा वर्षांचं होतं.

बाळगायला परवानगी देणाऱ्या आमदारांनी पहिली बाटली कुठे आणि कधी मिळणार हेही त्याच मसुद्यात लिहायला हवं होतं. ते नसेल तर अशा विधेयकाला मी पाठिंबा देणार नाही, मग त्याला कितीही गोड मुलीचं नाव असो.

मॅरिएटाचं दुकान वहिनींच्या घरापासून अर्ध्या तासावर. उघडलं त्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, बघून तरी यायचं का? त्या म्हणाल्या, "ग्रीन कार्ड हातात येऊ दे. तोवर त्या पार्किंगमध्येसुद्धा गाडी लावणार नाही मी."