प्रोग्रामर व्हायचंय? आधी काट्यावर बसा

पोराला सॉफ्टवेअरमध्ये घालायचं ठरवलंय म्हणे तुम्ही. चांगलं केलंत. पण त्यासाठी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, चार वर्षांची फी, पुण्यातली खोली असले आडरस्ते कशाला? सरळ रस्ता मला ठाऊक आहे, मी स्वतः त्यानं गेलोय. २००२ साली अहमदपूरहून निघालो आणि अवघ्या सोळा वर्षांत हिंजवडीला पोचलो. वाटेत कुठं थांबलोही नाही. म्हणजे थांबलो, पण दर थांब्यावर मला हेच शेवटचं ठिकाण वाटत होतं, त्यामुळं तो वेळ धरू नका.

प्रोग्रामर होण्यासाठी आधी डॉक्टर व्हायला निघावं. आमच्याकडं दुसरी पद्धतच नाही. दहावीला बरे मार्क पडले की पोराला उचलून लातूरला न्यायचं, कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, पहाटे पाचचा क्लास. लातूर पॅटर्न म्हणतात त्याला. हा पॅटर्न इतका पक्का, की त्यातनं न निघालेल्या पोराचं काय करायचं हे त्यात कुठंच लिहिलेलं नाही. माझे मार्क असे पडले की मेडिकलला कमी आणि गप्प घरी बसायला जास्त. तुमच्याही पोराला एवढेच पडावेत. चार मार्क जास्त पडले तर तो डॉक्टर होईल आणि सगळा बेत फसेल.

मग डी.एड. करावं. त्या काळात डी.एड. म्हणजे मास्तरकी खिशात, असं गावोगाव समजत होते आणि कॉलेजंही गावोगाव निघाली होती. शिक्षणसेवकाला महिना ३००० रुपये मानधन, तेही तीन वर्षं. आणि त्या जागेसाठी एका संस्थेनं आमच्याकडं मागितले काही लाख. हे गणित ज्याला सुटतं त्याला पुढं कुठलाच अल्गोरिदम जड जात नाही. आमच्या दादांना ते लगेच सुटलं. "एवढ्यात दोन एकर येतंय," एवढंच बोलले आणि चप्पल घालून शेताकडं गेले.

त्यानंतर प्रेसमध्ये लागावं. हा टप्पा चुकवू नका, खरी प्रोग्रामिंगची शाळा इथं आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेचे निरोप, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती, बाजार समितीची पत्रकं. पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, उघडायचं आणि जुन्या मराठी फॉन्टात बडवत बसायचं. ते फॉन्ट म्हणजे नुसती चित्रं. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, वरून पांघरूण मराठीचं. दुसऱ्या मशीनवर फाइल नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की चि. सौ. कां. पासून समस्त मंडळींपर्यंत सगळं एबीसीडी.

तिथं छापायला येणाऱ्या एका साप्ताहिकाला २००८ च्या सुमारास वेबसाइट काढायची हुक्की आली. सगळा मजकूर जुन्या फॉन्टातला, वेबसाइटला हवा युनिकोड, म्हणजे जिथं मराठी अक्षर कॉम्प्युटरलाही मराठीच कळतं. परत टाइप करायचा तर दोन माणसं लागणार, म्हणून मी वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहायला बसलो. अक्षराला अक्षर बदललं की झालं, असं वाटलं होतं. पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि युनिकोडात ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोब्बर उलटं: जुन्या फॉन्टात तो सगळ्यात शेवटी ठोकायचा आणि युनिकोडात त्यानं आधी यायचं. वेलांटी पुढं ढकला, रफार मागं ओढा. मी रफाराला एक घर मागं ओढला आणि खूश होऊन घरी गेलो.

सकाळी संपादक दारात. त्यांच्या सूनबाईंचं नाव कीर्ती, आणि वेबसाइटवर झळकत होतं 'कीतर्ी'.

"सुनंचं नाव असं कसं तुटलं रे?" त्यांनी विचारलं. आवाज असा की नाव नव्हे, घरच तुटलंय.

रफार एक घर मागं गेला होता, पण त्याला वाटेत आडवी आलेली वेलांटीही ओलांडायची होती आणि मग त. 'मूर्च्छा'सारखा शब्द आला तर काना, पूर्ण अक्षर, त्याला चिकटलेलं अर्धं अक्षर, सगळ्यांना वळसा घालून पुढं जाऊन बसायचं. दोन रात्री त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी कीर्तीताई सुखरूप उतरल्या. मालकांचं म्हणणं एवढंच, की पोरगं पत्रिका सोडून कायतरी लिहीत बसतंय, आणि त्या महिन्यात त्यांनी माझे दोन दिवस कापले. आजही एखाद्या जुन्या वेबसाइटवर 'कायर्क्रम' किंवा 'धमर्' दिसलं, की मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार माया वाटते. त्यानं तर रफार एक घरही ओढलेला नाही.

लग्नसराई संपली की प्रेसमध्ये माश्या. तेव्हा दिवाळीनंतर साखर कारखान्याच्या काट्यावर बसावं. हंगामी काम, रात्रपाळी. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसातला प्रोग्राम, कोणी लिहिला ते कुणालाच ठाऊक नाही. हिशोब सोपा: भरलेल्या गाडीचं वजन घ्या, खाली करून आली की रिकामीचं घ्या, वजाबाकी म्हणजे ऊस. आणि भारनियमनाचा जमाना. गाडी भरलेली काट्यावर चढली, नोंद अर्धी झाली की लाइट जायची. यूपीएसची बॅटरी मागच्याच हंगामात वारलेली. लाइट आल्यावर प्रोग्राम सांगणार, इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडलाय. तो परत बांधेपर्यंत बाहेर बैलगाड्यांची रांग, थंडीत शेकोट्या, आणि खिडकीतनं एकेक डोकं आत.

"ओ साहेब, बैलं उपाशी हायत."

मग गाडीच्या दोन्ही वजनांची नोंद पुरी झाल्याशिवाय खातं हलवायचंच नाही, तोवर सगळं बाजूला एका तात्पुरत्या फाइलीत ठेवायचं, असा जुगाड मी केला. दहा वर्षांनी पुण्यात एका साहेबानं विचारलं, डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शन म्हणजे काय? नोंद पुरी तरी होते, नाहीतर होतच नाही, ते ट्रान्झॅक्शन. मला बैल दिसले. पण मुलाखतीत बैलाचं नाव काढू नये, हा माझा दुसरा सल्ला. पहिला कोणता होता ते विसरलो, बहुतेक डॉक्टर व्हायचा.

मधे वर्षभर एमएससीआयटी शिकवलं. पन्नाशीचे ग्रामसेवक, वेतनवाढीसाठी आलेले, माउस हवेत उचलून स्क्रीनकडं रोखायचे. त्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं तिथं काही घडलं नाही.

आता मुख्य विद्यापीठ: सेवा केंद्र. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, पीकविमा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं आणि आमच्या केंद्रापुढची रांग टँकरचा हॉर्न वाजला की अर्ध्या मिनिटात गायब व्हायची, पिशव्या तेवढ्या जागा धरून. पुढच्या वर्षी जुलैत पीकविमा. मुदत ३१ जुलै, त्यामुळं सगळे येणार ३० ला. दिवसा सर्व्हर झोपलेला, रात्री दोनला जागा. एकाच शेतकऱ्याचं नाव सातबाऱ्यावर वैजनाथ, आधारवर वैजीनाथ, पासबुकावर वैद्यनाथ. तिन्ही एकच माणूस आणि तो समोर बसलेला, पण पोर्टलला पटवायचं कसं? त्याच वर्षी कर्जमाफीचे अर्ज, त्याला बोटांचे ठसे. जन्मभर कुदळ धरलेल्या बोटांवर रेषा कुठल्या शिल्लक राहायला? ओल्या फडक्यानं पुसा, दुसरं बोट लावा, परत पहिलं लावा. एक आजी म्हणाली, "बाळा, माझं बोटच मला वळखंना झालंय का?" मी वहीत लिहून ठेवायचो: कुठल्या स्क्रीनवर अर्ज अडतो, कुठला रकाना कुणाला भरता येत नाही, कोणतं बटण दोनदा दाबलं की पैसे दोनदा जातात. बड्या कंपन्यांत या कामाला वेगळा माणूस असतो आणि त्याला वेगळी खुर्ची असते.

या सगळ्या काळात एक गोष्ट नेमानं व्हावी लागते. प्रत्येक लग्नात मामानं जेवणाच्या पंगतीत, चार माणसं ऐकतील अशा बेतानं विचारलं पाहिजे, "काय करायलास सध्या?" तुमच्या पोराला असा मामा नसेल तर शेजारच्या गावातनं बघा, मिळतो.

रात्री केंद्र बंद करून जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो, दोन वर्षं. २०१८ ला एका मित्राच्या ओळखीनं पुण्यात चिकटलो. वय चौतीस, हुद्दा ट्रेनी, साहेब सव्वीस वर्षांचे. मला 'सर' म्हणू नका म्हणायचे. मला ते जमलं नाही, आमच्याकडं तलाठ्याच्या शिपायालाही साहेब म्हणतात.

काम काय होतं? एका कर्जवाटप कंपनीच्या खातेदारांची यादी साफ करायची, एकाच माणसाची दोन खाती काढून टाकायची. साहेबांच्या प्रोग्रामनं नाव आणि जन्मतारीख जुळली की डुप्लिकेट ठरवलं. पुण्या-मुंबईच्या यादीवर झकास चालला. लातूर-नांदेडची यादी लावली आणि माणसं गायब व्हायला लागली. बालाजी, जन्म १ जून. गोविंद, जन्म १ जून. परत बालाजी, १ जून. साहेबांनी मीटिंग बोलावली. म्हणाले, कुणीतरी खोटा डेटा भरलाय, एवढी माणसं एका दिवशी जन्माला येतात होय?

येतात, मी म्हणालो. शाळेत नाव घालायला आजा पोराला घेऊन जातो, पोराची जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते, हेडमास्तर पोराकडं बघतात, डोक्यावरनं हात उलटा नेऊन कान धरायला सांगतात, आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून १ जून लिहितात. साहेब हसले. मग मी माझं आधार कार्ड टेबलावर ठेवलं. टीममधल्या परभणीवाल्यानंही ठेवलं, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे रोजचं पालुपद त्या दिवशी न म्हणता. प्रोग्राम बदलला, वडलांचं नाव आणि गाव जोडलं. एचआरनं मात्र धडा घेतला: १ जूनला आम्हा दोघांत मिळून एकच केक येतो.

शेवटी अर्ज कसा भरावा ते सांगतो, कारण एवढं सगळं करून माणूस तिथंच अडकतो. कंपनीच्या ऑनलाइन फॉर्मात एक रकाना असतो: शिक्षणानंतर खंड पडला असल्यास कारण. माझ्यापुढं तो आला तेव्हा मी बराच वेळ बसलो. प्रेस, काटा, केंद्र यांना इंग्रजीत काय म्हणायचं ते सुचेना. रकाना तर पन्नास अक्षरांचा. म्हणून सरळ मराठीत लिहिलं, जेवढं बसलं तेवढं, आणि सेव्ह केलं. परत उघडून बघितलं तर शब्दाशब्दांत जागा सोडून नुसती प्रश्नचिन्हं.

खालचा कॉलम युनिकोड न घेणाऱ्या टाइपचा आहे, ते मला तिथल्या तिथं कळलं. पण ऑफर लेटर हातात पडेपर्यंत मी बोललो नाही. रुजू झालो त्याच आठवड्यात कुणीतरी तक्रार केली आणि तो रकाना दुरुस्त करायचं काम माझ्याच नावावर आलं. केला. माझा मजकूर तेवढा परत आला नाही, एकदा प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मागचं अक्षर काढता येत नाही. कंपनीच्या दप्तरी माझ्या त्या वर्षांची नोंद अजून तशीच आहे.