बिऱ्हाडाच्या पाठीवर स्कूटर

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, इथवर ठीक आहे. पण बिऱ्हाडाच्याही पाठीवर स्कूटर लादून निघणारा प्राणी निसर्गात एकच. त्याला नांगी नसते, विमा असतो.

मोटरहोमचं, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराचं, मोठं सुख म्हणजे जाऊ तिथे घर बरोबर. आणि दुःख म्हणजे, जाऊ तिथे घर बरोबरच. साधी टूथपेस्ट संपली, तरी बाहेर ताणलेलं छत गुंडाळा, पायरी आत घ्या, विजेची केबल काढा, चाकांखालचे ठोकळे काढा, कपाटांना कड्या घाला, कपबश्या टॉवेलमध्ये कोंबा आणि मग सात मीटर लांबीचं घर घेऊन टूथपेस्ट आणायला निघा. दुकान हमखास अशा गल्लीत असतं की, तिथे घर शिरलं तर दुकानदाराला बाहेर पडता येणार नाही. परत यायचं, ठोकळे लावायचे आणि मिठाने दात घासायचे. अशा वेळी प्रत्येक मोटरहोमवाल्याच्या डोक्यात तोच दिव्य विचार चमकतो : मागे एक स्कूटर टाकली तर?

हे 'टाकली तर' फार फसवं आहे. पिशवी टाकतात, सतरंजी टाकतात. स्कूटर टाकता येत नाही, तिची प्रतिष्ठापना करावी लागते.

माझ्या मेहुण्याला मात्र यात काहीच अवघड वाटलं नाही. त्याला कशातच काही अवघड वाटत नाही, कारण करायचं दुसऱ्याला असतं. "भावोजी, स्कूटर १२० किलो, ती ठेवायचा मागचा रॅक ४० किलो. झाले १६०. दोन पाहुणे मागच्या सीटवर बसले समजा!" पण पाहुणे घरात बसतात. स्कूटर घराच्या बाहेर, मागच्या भिंतीपलीकडे लटकते, आणि तिथे शाळेत ऑप्शनला टाकलेला तरफेचा धडा दबा धरून बसलेला असतो. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ४ मीटर धरा आणि स्कूटर मागच्या अॅक्सलच्या, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाच्या, अडीच मीटर मागे. आता १६० गुणिले अडीच, भागिले चार. उत्तर १००. म्हणजे पुढच्या चाकांवरचं १०० किलो वजन चक्क उचललं जातं आणि मागच्या अॅक्सलवर १६० नव्हे, २६० किलो येऊन बसतात. दोन पाहुणे सांगितले होते, आले सव्वातीन.

ज्या गाड्यांचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, त्यांची गंमत आणखी पुढे. ओल्या गवतावरून निघताना पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. स्टिअरिंग इतकं हलकं होतं, की गाडी आपलं ऐकते आहे की नुसती मान डोलावते आहे, तेच कळत नाही. म्हणून वजनकाट्यावर नुसती अख्खी गाडी चढवून भागत नाही. पुढचा अॅक्सल वेगळा आणि मागचा वेगळा तोलायचा. एकूण वजन नियमात आणि मागचा अॅक्सल मर्यादेबाहेर, असं सहज होऊ शकतं. ट्रेलर जोडायच्या गोळ्यावरच रॅक अडकवू म्हणाल, तर त्या गोळ्यालाही वरून किती भार सोसायचा याची मर्यादा असते, आणि ती बरेचदा १०० किलोंच्या आसपासच असते. १६० किलोंसाठी रॅक थेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यालाच, धरायला हवा.

इथून आमच्या घरात खटले सुरू झाले. युरोपात साध्या मोटारीच्या लायसन्सवर ३५०० किलोंपर्यंतचं वाहन चालवता येतं, म्हणून तिथली पुष्कळ मोटरहोम त्या आकड्यात जेमतेम बसवलेली असतात. कंपनीने वजन केलं तेव्हा त्यात आमचा संसार नव्हता, एवढाच तपशील राहतो. मग स्कूटरसाठी जागा करायची, तर बाकी प्रत्येक वस्तूने पिंजऱ्यात उभं राहून आपली गरज सिद्ध करायची. बाहेर बसायच्या खुर्च्या? एक ठेवा, आळीपाळीने बसू. लोखंडी तवा? हद्दपार. माझी पुस्तकं? जाड असतील तर अर्धीच न्या, असा निकाल आला. पाणी एक लिटरला एक किलो भरतं, म्हणजे १०० लिटरची टाकी भरून निघणं हा १०० किलोंचा माज. ती अर्धी करा. तोंड धुताना मी नळ जरा जास्त सोडला, की आतून आवाज यायचा, "स्कूटरच्या वाटचं वापरू नकोस."

गाडीच्या पोटात, पलंगाखाली सामानाची मोठी खोली असेल, तर स्कूटर तिथे ठेवता येते. वजन आत सरकतं, पाऊस लागत नाही, चोराला दिसत नाही. फक्त आरसे काढावे लागतात, तिथल्या फरशीची वेगळी मर्यादा बघावी लागते आणि रात्री पेट्रोलच्या टाकीवर पाठ टेकून झोपावं लागतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते, म्हणून खालून हवा खेळती लागते. हे वाचल्यापासून आमच्या हिला त्या पलंगावर पाठ टेकवेना. तेव्हा मागचा रॅकच.

रॅकवर स्कूटर चढवायचा रॅम्प अरुंद असतो. स्कूटर त्यावरून वर जाते आणि आपण जमिनीवरच राहतो. अर्ध्या वाटेत हँडल छातीपाशी येतं, शेवटी कपाळापाशी. एक हात ब्रेकवर, दुसरा अॅक्सिलरेटरवर; जरा जास्त पिळला तर स्कूटर घरात शिरेल, कमी पिळला तर मांडीवर येईल. अशा क्षणी आजूबाजूच्या गाड्यांतून माणसं खुर्च्या घेऊन बाहेर येतात. त्यांच्याकडे खुर्च्या असतात, कारण त्यांच्याकडे स्कूटर नसते.

मग पट्टे. पुढून दोन, मागून दोन, रॅचेटवाले, म्हणजे दांडा हलवून खटक्याखटक्याने आवळायचे. पुढचे पट्टे असे आवळायचे की शॉकअप थोडे दबतील. कमी आवळले तर खड्ड्यात शॉकअप दबून पट्टा सैल पडतो आणि हूक निसटतो. जास्त आवळले तर शॉकअपमधलं तेल आत धरणाऱ्या ऑइल सीलवर उगाच ताण. बरोबर किती, हे मेहुण्याला माहीत आहे : "टाइट, पण फार नाही." स्कूटर साइड स्टँडवर ठेवून आवळायचं नाही, पुढचं चाक खाचेत पक्कं बसवायचं आणि थोडं अंतर गेल्यावर उतरून पुन्हा तपासायचं. एकदा वेगात असताना मागून 'ऊंऽऽ' असा सूर लागला. ही म्हणाली, "कुणीतरी रडतंय." सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो तेव्हा गातो. त्याला एक पीळ दिला की गप्प होतो. हा उपाय मी घरातल्या इतर सुरांवर करून पाहिलेला नाही.

एवढं झाल्यावर लक्षात येतं की स्कूटरने टेललाइट झाकले, नंबरप्लेट झाकली. मग मागे दिव्यांची वेगळी पट्टी, तिची वायर, नंबरप्लेटची दुसरी प्रत. इटली आणि स्पेनमध्ये तर मागे बाहेर आलेल्या सामानावर लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांची, ५० बाय ५० सेंटीमीटरची चकाकती पाटीही लागते. मागचा कॅमेरा अष्टौप्रहर स्कूटरच्या सीटचं दर्शन घडवतो. शिवाय लांबी वाढली; आपण डावीकडे वळलो की शेपूट उजवीकडे फिरतं आणि तिथल्या खांबाची विचारपूस करून येतं.

सगळं जमलं. काट्यावर गेलो. मागचा अॅक्सल अजूनही मर्यादेच्या थोडा वर. आता घरात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. ही वजनांचा कागद घेऊन बसली आणि वरून खाली बोट फिरवत आली.

"पाणी गेलं, तवा गेला. आता जड अशा दोनच गोष्टी राहिल्या. एक स्कूटर आणि एक तू."

"मग?"

"स्कूटरला इंजिन आहे ना? मग तिला पाठीवर कशाला घ्यायचं? तू तिच्यावर बसून मागून ये. दोन्ही वजनं एकदम जातील."

मी कागद ओढून घेतला. हिशोब निर्दोष होता. मी पुढच्या सीटवरून उठलो की पुढचा अॅक्सल तेवढा हलका होणार, ही एकच फट मला सापडली. ती मी मोठ्या आवाजात मांडली.

तिने पाण्याचे दोन मोठे कॅन माझ्या सीटवर ठेवले आणि त्यांना बेल्ट लावला.