पहिलीच गाडी स्पोर्ट्स? आधी एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम काढा

बेळगाव-खानापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: नव्या लायसन्सवाल्यानं पहिली गाडी स्पोर्ट्सच घ्यावी. ओव्हरटेक झटक्यात होतो, ब्रेक जबरदस्त, चूक झाली तर एबीएस-ईएसपी (ब्रेक आणि गाडीचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणा) सांभाळतं, हळू चालवली तर सगळ्या गाड्या सारख्याच, आणि सेकंडहँड स्वस्तात पडते. भाच्यानं तो मला पाठवून खाली लिहिलं, "मामा, बघा की." त्याला सांगितलं तेच इथं लिहितोय.

सगळ्यात घातक मुद्दा ओव्हरटेकचा. जांबोटी-चोर्ला रस्त्यावर तुम्ही १०० नं, समोरून ट्रक ६० नं, म्हणजे मधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरनं संपतं. पिकअप कितीही असू दे, जागा पुरेल की नाही हे इंजिन सांगत नाही. ते डोळ्याला कळावं लागतं, आणि तो डोळा तयार व्हायला महिने जातात. तोवर पायाखाली जादा ताकद असली की घुसायचा मोहच वाढतो.

ब्रेकचं म्हणाल, तर गेल्या हंगामात संकेश्वरजवळ दिवेलागणीला मी साठनं चाललो होतो. पुढं काळं काय दिसतंय म्हणेपर्यंत काचेसमोर ऊसच ऊस. दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टरवर पाचट लोंबत होतं. वीस वर्षं गाडी चालवतोय, तरी पाय ब्रेकवर जाईतो सेकंद गेला. तेवढ्यात गाडी साठला १७ मीटर जाते, शंभरला २८. त्यापुढचं ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. ६० चे ९० केलेत की सव्वादोनपट. ब्रेक कितीही भारी असोत, पाय पडल्यावरच लागतात.

एबीएस चाकं लॉक होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. पण सुट्या खडीवर त्यानं थांबायचं अंतर वाढूही शकतं. ईएसपी एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतं. टायरला पकडच नसेल तर ते तरी काय करणार? मस्टँग जीटीसारख्या गाडीत पाच लिटरच्या व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची सुमारे ४०० हॉर्सपॉवर ताकद मागच्या चाकांवर जाते. ओल्या वळणावर पाय जरा जास्त पडला की मागची बाजू सुटते. घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढं येतं, मागची चाकं आणखी हलकी होतात. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतात, हेही खानापूरच्या पावसात लक्षात ठेवा.

हळू चालवली तरी बुटकी सीट आणि लांब बॉनेट तेच राहतं. बेळगावातल्या शहापूरच्या बोळातून गाडी काढताना पुढचं टोक दिसत नाही, आणि स्पीडब्रेकरला पोट घासतं.

स्वस्ताईचं थोडक्यात: महाराष्ट्र पासिंगची सेकंडहँड गाडी इथं वर्षाच्या वर ठेवायची तर एनओसी (ना-हरकत दाखला) आणून केए म्हणजे कर्नाटक पासिंग करायचं, इथला कर भरायचा. शिवाय पातळ कडेचा टायर खड्ड्यात फुटला, रिम वाकली, तर तो खर्च निराळाच.

हौस मी मोडत नाही. ईएसपी असलेली साधी १.२ लिटरची हॅचबॅक घ्या, एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम काढा. मग आय२० एन लाइनसारखी १२० हॉर्सपॉवरची टर्बो बघा. भाच्याला रविवारी पहाटे रिकाम्या ओल्या मैदानावर बोलावलंय. ३० च्या वेगात ब्रेक पूर्ण दाबायचा आणि एबीएसनं पेडल पायाखाली कसं थरथरतं ते बघायचं, एवढाच पहिला धडा.