अर्ज मान्य, मार्क शून्य

आज लेकीच्या शाळेत पालकसभा होती. अकराला गेले, साडेबाराला परत आले. आता रात्रीचे दहा वाजून गेलेत तरी डोकं शांत होत नाही, म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, वेळ असेल तर वाचा.

लेक नववीत आहे. पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक हातात मिळालं. विज्ञान, अंतर्गत गुण, २० पैकी ९. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं प्रगतिपुस्तक आलं. वर्गशिक्षिकांना विचारलं, तर त्यांनी संगणकावरचा तक्ता माझ्याकडं वळवून दाखवला. पहिली घटक चाचणी १८. दुसरी घटक चाचणी ०. सरासरी ९. गणितात तेच, भूगोलात तेच. प्रत्येक विषयात दुसऱ्या रकान्यात एक गोल भोपळा.

दुसऱ्या चाचणीच्या आठवड्यात माझी पोर मिरजेला दवाखान्यात सलाइनवर होती हो! डेंग्यू झाला होता. प्लेटलेट ३८ हजारांवर आल्या होत्या. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना सांगायला नको, रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत जीव कसा टांगणीला लागतो ते. घरी सोडल्यावरही डॉक्टरांनी आठवडाभर अंथरुणातच ठेवा म्हणून सांगितलं होतं.

शाळेला सगळं कळवलं होतं. पहिल्याच दिवशी फोन केला. डॉक्टरांचा दाखला दिला. रजेचा अर्ज विद्यार्थ्याच्या अक्षरात पाहिजे असा शाळेचा नियम, तर घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी उशीला टेकून तिनं तो लिहिला. सुई उजव्या हाताला लावली होती, मनगटाच्या वर सगळं काळंनिळं पडलं होतं. एरवी मोत्यासारखं अक्षर, पण त्या अर्जात ‘वरील विषयास अनुसरून’ ही ओळ खाली खाली घसरत गेली आहे. मी म्हटलं, राहू दे गं, मी लिहिते. नको म्हणाली, बाई ओळखतील. त्याच अर्जावर वरून लाल शाईत ‘मान्य’ लिहून खाली सही झाली. फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे.

मग मान्य काय केलं? आजारपण मान्य केलं ना? मग आजारपणाचे मार्क कशाला कापले?

वर्गशिक्षिका म्हणाल्या, मॅडम, सॉफ्टवेअर रिकामी जागा घेत नाही. गैरहजर टाकलं की ते आपोआप शून्य धरतं.

हे ऐकल्यावर माझा आवाज चढला, खोटं कशाला सांगू. शून्य म्हणजे काय? पोर पेपरला बसली आणि तिला एकही उत्तर आलं नाही, याला शून्य म्हणतात. ती बसलीच नाही, याला शून्य म्हणत नाहीत. मी पतसंस्थेत काम करते. खात्यावर शिल्लक शून्य असणं आणि खातंच नसणं यातला फरक आमच्याकडं नवीन लागलेल्या पोरालाही कळतो. तिच्यासाठी मी आठ दिवस रजा टाकली होती. मंजूर झाली, पगारातला एक रुपया कापला नाही. उशाशी बसलेल्या आईची रजा खरी आणि अंथरुणात पडलेल्या लेकीची रजा खोटी, असं कसं चालेल?

मी बोलायला लागल्यावर मागच्या बाकावरचे एक गृहस्थ उठले. त्यांचा मुलगा शाळेकडूनच विभागीय खो-खो स्पर्धेला गेला होता. शाळेचाच टी-शर्ट, शाळेचेच सर सोबत. ढाल आणली तेव्हा फलकावर अभिनंदन. आणि त्या दिवशीच्या चाचणीत शून्य! दुसऱ्या एक ताई सभा संपल्यावर जिन्यात भेटल्या, हळू आवाजात म्हणाल्या, आमच्या मुलीला पाळीच्या पहिल्या दिवशी उभं राहवत नाही, ते चारचौघांत कसं सांगू? त्यांनी अर्जात ‘पोटदुखी’ लिहिलं होतं. तोही मान्य. तिथंही शून्य.

(मध्ये उठून चहा करून आले. आता जरा शांतपणे लिहिते.)

बाईंवर माझा राग नाही. एका वर्गात साठ-पासष्ट पोरं, त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, रोज नवीन काहीतरी ऑनलाइन भरायचं. पोर आजारी असताना त्यांनी दोनदा फोन करून चौकशी केली होती, हे मी विसरणार नाही. आणि काही पालक लग्नाला, तिरुपतीला जायला डॉक्टरांचे खोटे दाखले आणतात हेही खरं आहे. आणतात. त्यांना पकडा. पण त्यांच्यासाठी खऱ्या आजारी पोराला का भरडता?

आणि उपाय काय फार अवघड आहे का? ज्या चाचणीला बसली तिचेच मार्क धरा. नाहीतर ग्रंथालयात बसवून पंधरा मिनिटांत वेगळा पेपर घ्या, तोंडी घ्या. मी चौथीत असताना कांजिण्या झाल्या होत्या. तासगाव तालुक्यातलं आमचं छोटं गाव. खपल्या पडल्यावर गुरुजी सायकलवरून घरी आले, सोप्यात घोंगडं टाकून बसले आणि माझा पेपर घेतला. आईनं त्यांना ताक दिलं. त्यांच्याकडं ना संगणक होता ना सॉफ्टवेअर. एक कोरा कागद होता.

दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथंसुद्धा आजारपणाचे कागद दिले तर सूट मिळते, सीबीएसईत राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांनाही मिळते. एवढी मोठी मंडळं कागद बघून ऐकतात, आणि आमच्या गल्लीतली शाळा स्वतःच मान्य केलेला कागद ऐकत नाही.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो का? सांगलीत आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ४५ ला धोक्याची पातळी म्हणतात, म्हणजे बघा. आम्ही गावभागातनं निघून विश्रामबागला नणंदेकडं राहिलो, लेक तेव्हा तिसरीत. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, तिची सगळी पुस्तकं फुगून दप्तरातच अडकलेली. शाळा परत सुरू झाली तेव्हा कुणी विचारलं नाही की एवढे दिवस का आली नाहीस. कुणाचे मार्क कापले नाहीत. बाईंनी पहिले दोन दिवस नुसती गाणी म्हणून घेतली. कारण पाणी सगळ्यांच्याच दारात आलं होतं, बाईंच्याही. ताप मात्र एकाच घरात येतो, म्हणून बाकीच्यांना तो दिसत नाही. एवढाच काय तो फरक, दुसरा मला तरी सापडत नाही.

मला मार्कांची हाव नाही. २० पैकी ९ पडले म्हणून माझ्या लेकीचं आयुष्य अडणार नाही, हे मलाही कळतं. तिचे बाबाही दुपारपासून तेच सांगतायत, सोड आता. सोडलंही असतं. पण गेल्या आठवड्यात काय झालं ते मला आज कळलं. मंगळवारी तिला बारीक ताप होता. मला सांगितलं नाही. कपाटातली तापाची गोळी घेतली आणि शाळेत गेली, का तर प्रयोगवहीवर सह्या होत्या. आज प्रगतिपुस्तक बघून मी चिडले तेव्हा तिनंच सांगितलं, आई, म्हणूनच मी मंगळवारी बोलले नाही.

दोन महिन्यांपूर्वी जिच्या प्लेटलेट मोजत आम्ही रात्री काढल्या, ती पोर आता ताप लपवायला शिकली. हे तिला कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं. हे लिहिताना पुन्हा हात थरथरतोय.

मघाशी जेवताना तिला म्हटलं, ताप आला की आधी मला सांगायचं, मार्क गेले तरी चालतील. मान हलवली तिनं. पण अर्जावर ‘मान्य’ लिहिलेलं तिनंही वाचलं होतं ना, आता माझ्या शब्दावर तरी तिनं का विश्वास ठेवावा?

सोमवारी सकाळी साडेदहाला मी मुख्याध्यापिकांना भेटायला जाणार आहे. खो-खोवाले गृहस्थ येतायत, जिन्यातल्या ताईही येते म्हणाल्या. आपल्या शाळेतल्या अजून कुणाच्या मुलांचं असं झालं असेल तर रजेच्या अर्जाची झेरॉक्स घेऊन या. भांडायला जात नाहीये. तो तक्ता उघडायला सांगणार आणि शून्य पुसून तिथं ‘रजा’ लिहायला सांगणार. सॉफ्टवेअर घेत नसेल तर हातानं लिहा म्हणणार. माझ्याकडच्या फोटोची प्रिंट काढून आणली आहे, घसरत गेलेल्या ओळीसकट.