नदीचा देखावा फुकटचा, मग ‘रिव्हर व्ह्यू’चे पैसे कसले?

गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या माझ्या मामांनी परवा सकाळी पावणेसातला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारले, ‘खरं काय रे हे?’ ‘गोव्याच्या नद्यांविषयी पाच सत्ये’ हे त्याचे नाव. तो याआधी माझ्याकडे तीन गटांतून येऊन गेला होता आणि मी तिन्ही वेळा पुढे सरकलो होतो. पण मामांकडे तो एका प्लॉटवाल्या दलालाकडून आला आणि मामांचा खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या काठच्या खारजमिनीत, वाटा आहे. त्यामुळे आता बोलणे भाग आहे.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी ती पाच सत्ये अशी. नदीचे सौंदर्य ज्याच्या-त्याच्या मनावर असते, त्याला किंमत लावता येत नाही. खाजन म्हणजे पडीक खारी जमीन, मूल्य शून्य, भर घालून ती वापरात आणावी. नदीचे गोडे पाणी समुद्राला मिळते ते वाया जाते. मांडवीला किंमत आली ती कॅसिनोंमुळे. आणि शेवटचे, काठावर इमारती आल्या की ‘रिव्हर व्ह्यू’मुळे भाव दुप्पट होतात, यातच गावाचे कल्याण.

आता पहिले आणि पाचवे शेजारी-शेजारी ठेवून वाचा. देखाव्याला किंमत नाही, आणि देखाव्यामुळे भाव दुप्पट! लिहिणाऱ्याला खालपर्यंत पोचेस्तोवर वरचे आठवले नसावे. खिडकीतून नदी दिसते म्हणून गिऱ्हाईक जे जास्तीचे लाख मोजते, ती देखाव्याचीच किंमत. फक्त ती बिल्डरच्या खिशात जाते, नदीच्या नाही.

बरे, सौंदर्य मोजता येत नाही म्हणजे कुणी मोजलेच नाही असेही नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला नद्यांचा जाणकार लुना लिओपोल्ड याने 1969 साली हेच काम अंगावर घेतले. आयडाहोतल्या स्नेक नदीच्या हेल्स कॅन्यन दरीत धरण बांधायचे घाटत होते. विजेचा हिशेब कागदावर होता, दरीचा नव्हता. लिओपोल्डने आयडाहोतल्या नद्यांवरच्या 12 ठिकाणांची 46 निकषांवर नोंद केली. नदीची रुंदी, वेग, गढूळपणा, शेवाळ, किती दूरवर नजर जाते, इतकेच काय, काठाच्या शंभर फुटांत पत्र्या-कागदाचे किती तुकडे पडलेत, हेसुद्धा. सुंदर की कुरूप हे त्याने ठरवलेच नाही, एखादी जागा इतरांहून किती वेगळी आहे एवढेच पाहिले. त्यात हेल्स कॅन्यन थेट ग्रँड कॅन्यनच्या पंगतीला जाऊन बसली. एकट्या त्याच्या आकड्यांनी धरण अडले असे मी म्हणणार नाही, पण धरण झाले नाही आणि 1975 साली त्या दरीला कायद्याचे संरक्षण मिळाले. त्याच वादात जॉन क्रुटिला या अर्थशास्त्रज्ञाचा मुद्दा तर एखाद्या आजीलाही पटेल: वीज दुसरीकडे तयार करता येते, दरी करता येत नाही. अशा जागा जितक्या कमी उरतील तितका उरलेल्यांचा भाव चढणार.

लिओपोल्डच्या पद्धतीत एक गोम आहे, तीही सांगतो. वेगळेपण म्हणजे चांगलेपण नव्हे. घाणीनेही नदी ‘वेगळी’ ठरू शकते. गेल्या रविवारी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीची वाट बघताना मी पावलांनी शंभरेक फूट अंतर धरले आणि लिओपोल्डसारखे कचऱ्याचे तुकडे मोजायला लागलो. 41 वर थांबलो, कारण फेरी लागली. त्यात पाण्याच्या बाटल्याच अर्ध्याहून जास्त.

पण मला खरा राग आहे तो दुसऱ्या ‘सत्या’चा. खाजनाचे मूल्य शून्य! हे लिहिणारा मानशीवर, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारावर, कधी उभा राहिलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. खाजन ही भरतीच्या पाण्याच्या पातळीखालची जमीन. आपल्या पूर्वजांनी ती चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध घालून नदीकडून मागून घेतली आणि बांधात मानस बसवली. तिच्या लाकडी फळ्यांना ना मोटर, ना माणूस. भरती आली की नदीचे पाणी बाहेरून रेटते आणि फळी मिटते, ओहोटीला आतले पाणी ढकलते आणि ती उघडते. पावसाने मातीतले मीठ धुऊन निघाले की खारेपणा सोसणारे कोरगूट भात पेरायचे. कापणी झाली की फळ्या उघड्या ठेवून भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावायचे. लहानपणी मामांबरोबर मी रात्रीचा गेलो आहे. कंदिलाच्या उजेडात जाळ्याच्या टोकाला सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, ढीग तडतडत असायचा, आणि मामा आधी शेवटे मासे वेगळे काढायचे, कुर्ली चावेल म्हणून मला मागे ओढायचे. या मासळीच्या हक्काची गावात पावणी होते, लोक बोली लावतात. शून्य किमतीच्या वस्तूवर बोली कोण लावतो?

आणि ‘भर घाला’ म्हणजे नेमके काय? पावसाळ्यात आगरातून उतरणारे पाणी खाजनात थांबते आणि ओहोटीची वाट बघते. तिथे माती टाकली तर ते पाणी थांबायचे सोडणार नाही, शेजाऱ्याच्या पडवीत जाऊन थांबेल. बेटावर तर पळायलाही जागा नाही. गोव्यात अशी खाजने सुमारे 18 हजार हेक्टर आहेत. केंद्राच्या 2011 च्या किनारी अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांचे नाव घेऊन तिथे विकासकामांना मनाई केली, आणि शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकण्यावर 2023 पासून राज्याचाच कायदा आहे. दलालाच्या फॉरवर्डमध्ये यातले अक्षर नाही.

तिसऱ्यावर फार शाई नको. समुद्राला मिळणारे पाणी वाया जाते, हे म्हादईच्या, म्हणजे वरच्या अंगाच्या मांडवीच्या, पाण्याच्या भांडणात पलीकडची बाजू म्हणत आली. 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी मिळाले तेव्हा आपण रस्त्यावर ओरडलो. आता तेच वाक्य आपलेच लोक एकमेकांना ‘सुप्रभात’सोबत पाठवतात! गोडे पाणी खाली आले नाही तर खारे पाणी वर चढते, आणि तिसऱ्यांचे शिंपले, सुंगटे, काठच्या विहिरी सगळ्यांचे गणित बिघडते.

चौथे: मांडवीत उभ्या जहाजांवरच्या कॅसिनोंतून सरकारला महसूल मिळतो, हे खरे. नाकारत नाही. पण ती जहाजे डांबरी मैदानात का उभी केली नाहीत, हे एकदा विचारा.

आणखी एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. बरीच खाजने खरोखरच पडीक आहेत. बांध फुटलेत, खारे पाणी घुसलेय, कामाला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरीत भाताचे पैसे निघत नाहीत. दलालाला हीच फट सापडली आहे.

हे सगळे मी मामांना फोनवर सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, ‘ते ठीक आहे. पण आमच्या मानशीची डावी फळी गेल्या पावसात कुजली, सुतार दोनदा बघून गेला. तू कधी येतोस?’