३८ टक्के बॅटरी दिसत असताना ड्रोन खाली आला, त्याबद्दल

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू मी दोनदा वाचला. आमच्याकडून भाड्याने नेलेला ड्रोन बॅटरी ३८ टक्के दाखवत असताना आपोआप उतरून ताज्या बर्फात रुतला, म्हणजे आम्ही जुनी बॅटरी गळ्यात मारली, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय बर्फ पडत असताना उडवायला आमच्या दुकानातल्या मुलाने मनाई केली, जेवढं शूट झालं त्यात बर्फ करडा आला, आणि वर डिपॉझिटही अडकून पडलं. आईवडिलांना घेऊन एवढ्या लांब गेलात आणि असा विरस झाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक स्टार दिलात त्याबद्दल तक्रार नाही. पण झालं काय ते तुम्हाला कळायला हवं, आणि आमचं कुठे चुकलं तेही मला इथेच सांगायचंय.

ड्रोन परत आल्यावर मी स्वतः फ्लाइट लॉग, म्हणजे ड्रोनने ठेवलेली उड्डाणाची नोंद, काढला. टेकऑफच्या वेळी बॅटरीचं तापमान ४ अंश होतं. बॅटरी थंड असल्याची सूचना स्क्रीनवर आली होती, ती बाजूला सारून उड्डाण सुरू झालं. जाताना वारा पाठीमागून होता, ड्रोन आरामात गेला. येताना तोच वारा समोरून. तुम्ही स्पोर्ट मोड (सगळ्यात वेगाचा मोड) लावून स्टिक पूर्ण पुढे दाबलीत आणि दोनच सेकंदांत सेलचा व्होल्टेज ३.६ वरून ३.१ वर आला. टक्के ३८ च्या ३८. व्होल्टेज इतका पडला की ड्रोन टक्के बघत नाही, आहे तिथे उतरायला लागतो.

थंडीत लिथियम पॉलिमर बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. साठा असतो, पण मोटरनी एकदम जास्त करंट ओढला की बॅटरी तो देऊ शकत नाही. तुमचीच बॅटरी मी खोलीत ठेवून २२ अंशांवर आणली आणि तसाच स्पोर्ट मोड लावून उडवली. व्होल्टेज शेवटपर्यंत टिकला. त्यामुळे बॅटरी जुनी होती, हे मला मान्य नाही. तिची ३१ चार्ज सायकल, म्हणजे पूर्ण चार्ज होऊन वापरण्याच्या फेऱ्या, झाली आहेत.

आता आमची चूक. ड्रोनसोबत आम्ही जी चिठ्ठी देतो, तिच्यावर एवढंच लिहिलं होतं: ‘बॅटरी उबदार ठेवा.’ का, किती, कशी, काहीच नाही. बॅटरी रात्रभर गाडीत ड्रोनमध्येच राहिली, त्याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. काउंटरवर नीट सांगणं आमचं काम होतं. बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायच्या आणि उडवायच्या वेळीच ड्रोनमध्ये घालायच्या. ॲपमध्ये तापमान २० अंशांच्या आसपास दिसल्याशिवाय निघायचं नाही. वर गेल्यावर मिनिटभर तरी जवळच एका जागी तरंगत ठेवायचा, म्हणजे बॅटरी आतून आणखी तापते. आधी वाऱ्याविरुद्ध जायचं, म्हणजे येताना वारा मदतीला असतो. आणि ५० टक्क्यांना परत फिरायचं. स्पोर्ट मोड अशा हवेत नकोच.

बर्फ पडत असताना उडवू न देण्याबद्दल मात्र मी आमच्या मुलाच्या पाठीशी आहे. बहुतेक कॅमेरा ड्रोनना पाण्यापासून संरक्षण नसतं, मोटर उघड्या असतात. त्याहून वाईट म्हणजे शून्याच्या आसपासची ओलसर, धुक्याची हवा. प्रॉपेलरच्या पुढच्या कडेवर बर्फाचा पातळ थर बसतो, पात्याचा आकार बिघडतो, उचलण्याची ताकद जाते. खाली उभ्या माणसाला ते दिसतही नाही.

खरं नुकसान ड्रोन बर्फात पडल्यामुळे झालं नाही, ते नंतर झालं. गाडीत हीटरसमोर ठेवून वीस मिनिटांनी तुम्ही तो पुन्हा चालू केलात, असं तुम्हीच आमच्या मुलाला सांगितलंत. मोटरच्या फटींत गेलेला भुसभुशीत बर्फ तोवर वितळला होता, आणि गार ड्रोन उबदार हवेत आल्यामुळे आतून दवही धरलं. मी कवच उघडलं तेव्हा मोटरखाली ओघळ सुकलेले होते आणि गिंबलच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाच्या) रिबन केबलच्या टोकाला हिरवट डाग पडला होता. बर्फात पडला तर आधी बॅटरी काढायची, मऊ ब्रशने बर्फ झटकायचा (फुंकर मारू नये, श्वासातली वाफ तिथेच गोठते), बाहेरच हवाबंद पिशवीत घालायचा आणि घरात ती पिशवी काही तास तशीच बंद ठेवायची. थंड बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. शून्याखाली चार्ज केली तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची बिघडते.

उतरायच्या जागीही आम्ही लँडिंग पॅड द्यायला हवं होतं. सगळं एकसारखं पांढरं असलं की खालच्या सेन्सरना जमिनीचा अंदाज येत नाही, आणि प्रॉपेलरच्या वाऱ्याने उडालेला बर्फ सरळ मोटरमध्ये जातो. आता थंडीत जाणाऱ्या प्रत्येक किटमध्ये पॅड आणि मोठी झिप पिशवी असते, चिठ्ठीही नव्याने लिहिली आहे.

करड्या बर्फाचं कारण साधं आहे. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर, म्हणजे उजेड आपोआप ठरवणारी सोय, समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेवर आणायला बघतं, म्हणून बर्फात एक्स्पोजर ०.७ ते १ स्टॉप (१ स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावं लागतं. हेही कोणी सांगितलं नाही, त्याबद्दल माफी मागतो.

डिपॉझिट आज पूर्ण परत केलं आहे, दुरुस्ती आमच्याकडे. मेमरी कार्ड ड्रोनमध्येच राहिलं होतं. ते वाळवून बघितलं, ११ मिनिटांचं फुटेज शाबूत आहे. वडील पुढे बर्फ तुडवत चाललेत आणि आई त्यांच्याच पाऊलखुणांत पाय ठेवत मागून येतायत, तो शॉट मी थोडा उजळून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलाय. मूळ फुटेजला हात लावलेला नाही. कार्ड तुमच्या नावाच्या पाकिटात काउंटरवर आहे. सांगाल त्या पत्त्यावर पाठवतो.